एकशे बारा पृष्ठांची शिवलेली वही: पाच महिन्यांच्या वापरानंतर

नाशिकच्या मेन रोडमागच्या एका बोळात जुन्या पद्धतीने वह्या बांधून देणारे एक छोटे दुकान आहे. व्यापाऱ्यांच्या चोपड्या, महाविद्यालयांचे प्रकल्प अहवाल आणि फाटलेल्या पोथ्या ही तिथली नेहमीची कामे. गुढीपाडव्याच्या आदल्या आठवड्यात मी तिथून रेखाटनासाठी एक वही बांधून घेतली आणि गणपती बसण्याच्या दोन दिवस आधी तिचे शेवटचे पान भरले. पाच महिन्यांत ११२ पृष्ठे, म्हणजे रोज एक पृष्ठ या ठरावात चाळीसहून अधिक खाडे झाले, हे आधीच सांगून टाकते. पुढे काही तक्रारीही लिहायच्या असल्यामुळे दुकानाचे नाव देत नाही. अशी वही बांधून देणारे कारागीर अजून बऱ्याच गावांत आहेत, त्यामुळे लेखाचा उपयोग नाशिकबाहेरच्यांनाही व्हावा.

या वहीआधी माझ्याकडे स्केचबुक नव्हते असे नाही. दोन वर्षांपूर्वी कॉलेज रोडवरून तारेच्या बांधणीचे, जाड ३०० जीएसएम (एका चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाच्या) कागदाचे एक देखणे स्केचबुक मी हौसेने घेतले होते. त्याची तीन पाने भरली आहेत. कागदाविषयी मला काहीच तक्रार नाही. अडचण अशी की तो इतका चांगला होता की त्यावर वाईट चित्र काढण्याची छाती होत नसे. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही रेखाकला परीक्षा दिलेल्या असल्याने आपल्याला चित्र येते असा एक जुना गैरसमज मनात होता, आणि त्या कागदावर पेन्सिल टेकवली की तो तत्काळ दूर होई. सातपूरच्या कारखान्यात दिवसभर हिशेब तपासून घरी आलेल्या माणसाला संध्याकाळी पुन्हा नापास व्हायचे नसते.

कागद आपण आणून द्यायचा, अशी या दुकानाची पद्धत आहे. मी १३० जीएसएमच्या साध्या कार्ट्रिज, म्हणजे चित्रकलेच्या, कागदाचे ३० बाय २२ इंचाचे, म्हणजे फुल इंपीरियल आकाराचे, सात ताव नेले. ‘ताई, वही हिशेबाची की चित्रांची?’ एवढे एकच कारागिराने विचारले. चित्रांची म्हटल्यावर त्यांनी रेघा मारण्याचे यंत्र बाजूला सारले आणि पहिल्या तावाला तीन घड्या घालून दाखवल्या. एका तावाची अशी आठ पाने, म्हणजे सोळा पृष्ठे होतात. त्याला जुज म्हणतात. सात जुज एकमेकांना दोऱ्याने शिवायचे, पाठीला खळ लावून कापडाची पट्टी चिकटवायची, वर पुठ्ठा आणि बाहेरून कापड चढवायचे. या जुजबंदीमुळे वही कुठल्याही पानावर उघडून टेबलावर सपाट ठेवता येते, डावा हात तिला दाबून धरण्यात अडकून पडत नाही. कडा कापल्यावर पानाचा आकार साधारण पावणेअकरा बाय सव्वासात इंच उरतो. कागदाचे १४० आणि बांधणीचे १५० असे एकूण २९० रुपये पडले. पृष्ठाला अडीच रुपयांच्या आसपास खर्च येतो, आणि एवढ्या किमतीचे पान बिघडले तर कोणाचेही मन खट्टू होत नाही.

जुजबंदीचा एक गुण मला तिसऱ्याच दिवशी, तोही नुकसान होऊन कळला. तिसऱ्या पृष्ठावरचा आमच्या मांजराचा प्रयत्न इतका फसला होता की मी ते पान टरकावले. आठवडाभराने तेराव्या पृष्ठाचे कोरे पान आपोआप हातात आले. दोन्ही एकाच कागदाची दोन अंगे, मधल्या घडीत दोऱ्याने धरलेली. एक गेले की दुसऱ्याला धरायला काही उरत नाही. त्यानंतर मी एकही पान फाडलेले नाही. तारेच्या स्केचबुकातून पान काढले तर मागे पत्ता लागत नाही, इथे मात्र पुढच्या कोऱ्या पानाने त्याची किंमत मोजावी लागते. फसलेली चित्रे अशी वहीतच राहिल्यामुळे महिन्यापूर्वीचे चित्र आणि आजचे चित्र शेजारी ठेवून पाहता आले, आणि माझ्या मते सरावात जी काही सुधारणा झाली ती या शेजारातून झाली.

सरावाची रीत साधी ठेवली होती. पानाच्या कोपऱ्यात तारीख आणि लागलेली मिनिटे लिहायची, वीस मिनिटांवर थांबायचे, आणि दर सोमवारी एकच वस्तू काढायची, ती म्हणजे कारखान्याच्या कँटीनमधला चहाचा काचेचा ग्लास. पहिल्या सोमवारचा ग्लास आज पाहिला की हसू येते. तोंडाचा गोल दोन्ही टोकांना माशासारखा टोकदार झाला आहे आणि तळ पट्टीने मारल्यासारखा सरळ आहे. ग्लास टेबलावर सपाट बसतो हे डोक्याला ठाऊक असते, म्हणून हात सरळ रेघ मारून मोकळा होतो. डोळ्याला विचारतच नाही. प्रत्यक्षात टेबलावरच्या ग्लासाचे तोंड नजरेच्या पातळीला जवळ असते, म्हणून त्याची लंबवर्तुळाकृती चपटी दिसते, आणि तळ पातळीपासून अधिक खाली असल्याने त्याची आकृती अधिक उघडी, अधिक गोलसर दिसते. हा नियम शाळेत वस्तुचित्राच्या तासाला ऐकला होता. तो हातात उतरायला सहा सोमवार लागले. सातव्या सोमवारी बाकावर बसण्याऐवजी उभ्याने ग्लास काढला तेव्हा दोन्ही आकृत्या एकदम फुगल्या, आणि तिथे मला हा नियम खऱ्या अर्थाने समजला.

मग भांडी बाजाराचा छंद लागला. तिथे दुकानांच्या दारात पितळी पातेली, हंडे आणि कळश्या उतरंडीने रचलेल्या असतात. रस्त्यापलीकडे उभे राहिले की खालच्या भांड्यांची तोंडे उघडी दिसतात, छातीच्या उंचीवरची चिंचोळी होतात, डोळ्यासमोरच्या कळशीच्या काठाची निव्वळ एक रेघ उरते, आणि त्याच्याही वर टांगलेल्या बादल्यांचे काठ उलट्या बाजूला वाकून बूड दिसू लागते. भूमितीच्या पुस्तकातली आकृती एवढी झळझळीत नसते. तिथे काढलेली अकरा पाने या वहीतली सर्वांत चांगली पाने आहेत, असे माझे मत आहे. (दुकानदारांनी मात्र पहिल्या दिवशी मला पालिकेची मोजणीवाली समजून पायरीवरची भांडी आत घेतली होती.)

त्यानंतर धीर करून गोदाकाठच्या नारोशंकर मंदिराच्या घंटेकडे वळले. १७४७ सालच्या या मंदिराच्या तटावर, नदीकडच्या दर्शनी बाजूला, वसईच्या विजयाची आठवण सांगणारी पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे. ती कायम नजरेच्या पातळीच्या वर असते, त्यामुळे तिच्या खालच्या काठाची समोरची कड कमानीसारखी वर वाकते. चहाच्या ग्लासाच्या तळाची कड खाली झुकते, तिच्या अगदी उलट. मी तीन वेळा ती ग्लासासारखी खाली वाकवली, आणि तिन्ही वेळा कागदावरची घंटा तटावर टांगलेली न दिसता जमिनीवर आणून ठेवलेली दिसली. चौथ्या वेळी कमान जमली, पण मधला कंगोरा अजून चुकतो. नाशिकचे चित्रकार शिवाजी तुपे यांच्या जलरंगांतून हा गोदाघाट पाहिलेल्या नाशिककराला आपली घंटा पाहून संकोच वाटणे साहजिक आहे. सुदैवाने वही मिटता येते.

माणसांच्या रेखाटनाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही, कारण तिथे प्रगती थोडी आहे. बुधवारच्या बाजारात घाटावर बसलेल्या भाजीवाल्यांची एक-एक मिनिटाची चित्रे केली. आधी पाठीच्या कण्याची एक रेघ, मग वजन कोणत्या मांडीवर आहे ते पाहून बैठकीची दुसरी, एवढ्यावर मिनिट संपते. बॉलपेनने काढल्यास खोडण्याचा मोह राहत नाही आणि या कागदावर बॉलपेन मागे उमटतही नाही.

कागदाविषयी अधिक नेमके सांगायचे तर एचबी आणि २बी पेन्सिल त्यावर उत्तम चालते. पृष्ठभागाला बेताचा खरखरीतपणा आहे, त्यामुळे तिरप्या रेघांची छटा दाणेदार आणि समान येते. ६बीमध्ये ग्रॅफाइटचे प्रमाण जास्त आणि मातीचे कमी असते, त्यामुळे वही मिटली की तिचा काळा समोरच्या पानावर छापला जातो. मधे बटर पेपर ठेवणे किंवा डावे पान कोरे सोडणे हेच उपाय आहेत. एकाच जागी तीन-चारदा खोडले की कागदाची लव निघते आणि पुढची रेघ तिथे फाटल्यासारखी उठते. जलरंगांचा विचारच करू नये. ओल्या कुंचल्याच्या दुसऱ्या हाताला पान पापडासारखे वाकते.

आता तक्रारी. चार दिवसांत मिळणारी वही अठराव्या दिवशी मिळाली, कारण मधे एका महाविद्यालयाचे प्रकल्प अहवाल आले, आणि मधल्या काळात केलेल्या दोन फोनना ‘उद्या’ हे एकच उत्तर मिळाले. ही पहिली, आणि उशीर वगळता कारागिराची वागणूक चांगली असल्याने ती मी सोडून देते. दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. तावातील तंतू ज्या दिशेने जातात, त्या दिशेलाच पाठीची घडी पडायला हवी, पण इथे ती आडवी पडली. उन्हाळ्यात हा दोष लक्षात आला नाही. जुलैमध्ये हवा दमट झाली तशी पाने पाठीजवळ फुगली, वही मिटली तरी पंख्यासारखी अर्धवट उघडी राहू लागली, आणि तिच्यावर रात्रभर वजन ठेवण्याची पाळी आली. गोदावरीला पूर आला त्या दिवशी नदीपात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती कमरेपर्यंत पाण्यात होती. पुलावरून तिचे काढलेले चित्र ज्या पानावर आहे, त्या पानाची पाठीकडची कड आजही लाटेसारखी आहे. चित्राला ती शोभते, पण बांधणी म्हणून दोष तो दोषच. तिसरी बाब किरकोळ आहे: शेवटच्या जुजाचा दोरा सैल होता, तो दुकानात नेल्यावर पैसे न घेता पुन्हा ओढून दिला.

या सगळ्यासकट मी वहीला पाचपैकी चार गुण देईन आणि दुसरी वही बांधायला टाकलेली आहे. वही टाकताना तावाच्या कोपऱ्यातून दोन छोट्या पट्ट्या, एक उभी आणि एक आडवी, कापून ओल्या करून पाहाव्यात. जी पट्टी लांबीकडून गुंडाळी होते तिच्यात तंतू आडवे असतात, जी रुंदीकडून पन्हाळीसारखी वळते तिच्यात ते लांबीच्या दिशेने असतात. ती दिशा तावावर पेन्सिलीने बाण काढून कारागिराला दाखवावी. पाठ तंतूंच्या दिशेने आणण्यासाठी घड्या वेगळ्या घालाव्या लागल्या, तर पानाचा आकार बदलतो. माझी नवी वही त्यामुळे आडवी होणार आहे, आणि भांडी बाजाराच्या उतरंडीला ती अपुरी पडेल की काय अशी शंका आहे. एप्रिल-मे हे महिने आणि दिवाळीआधीचा चोपड्यांचा पंधरवडा टाळावा. पावती मागून घ्यावी, आणि तिच्यावर तारीख त्यांच्याच हाताने लिहवून घ्यावी.