केळवणासाठी ठरवलेले मुरबाडजवळचे फार्महाऊस

भाचीच्या लग्नाला महिना उरला असताना घरातल्या चुलत-मावस भावंडांनी ठरवले की, घरोघरी वेगवेगळी जेवणे करण्याऐवजी सगळ्यांचे मिळून एकच केळवण करावे आणि तेही ठाण्याबाहेर, मुरबाडच्या बाजूला एखादे फार्महाऊस दोन रात्रींसाठी घेऊन. माणसे चोवीस होती आणि जागा शोधण्याचे काम मी आपणहून अंगावर घेतले.

फेसबुकवर एक जाहिरात दिसली. कौलारू घर, अंगणात आंब्याचे मोठे झाड, मागे तरणतलाव. भाडे संशय यावा इतके कमी नव्हते. इतर ठिकाणांपेक्षा फार तर दोन-तीन हजारांनी उतरते होते, आणि मला वाटते त्यातच त्याची हुशारी होती. फोनवरचा माणूस 'दादा' म्हणत अदबीने बोलला आणि कल्याणहून मुरबाड रस्त्याने यायचे, कुठे वळायचे, हे त्याने न अडखळता सांगितले. अठ्ठेचाळीस हजार ठरले, त्यातले निम्मे आगाऊ. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर पडद्यावर भलतेच नाव आले, तेव्हा "ते मालकांच्या मेव्हण्याचे खाते आहे" असे उत्तर मिळाले. वास्तविक पैसे पाठवण्याआधी दिसणारे ते बँकेच्या नोंदीतले नाव हीच एक गोष्ट त्याला सजवता येत नव्हती, आणि नेमकी तीच मी सोडून दिली.

बहिणीने त्याच दिवशी सुचवले होते की, त्याला तिथूनच व्हिडिओ कॉल करायला सांग. त्याने "इकडे रेंज नसते" असे सांगितले आणि तेच उत्तर मी बहिणीला असे ऐकवले, जणू त्याचे वकीलपत्र मीच घेतले होते. नंतर तोडफोडीची अनामत म्हणून दहा हजार गेले, आचाऱ्याच्या किराण्यासाठी आठ हजार गेले. प्रत्येक वेळी मनात हेच होते की, आता मागे फिरलो तर आधीचे बुडतील आणि चोवीस जणांना काय तोंड दाखवायचे.

जायला दोन दिवस राहिले असताना त्याचा फोन आला की, बुकिंग चुकून दोघांना दिले गेले आहे, पैसे परत करतो, पाठवलेला कोड स्कॅन करून पिन टाका. पैसे स्वीकारण्यासाठी पिन कधीच लागत नाही, हे मी आईला अनेकदा समजावले आहे. तरीही पिनच्या चौकटीपर्यंत गेलो आणि तिथेच थांबलो.

त्याच क्षणी सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करायला हवा होता. त्याऐवजी लाजेपोटी मी कोणालाच काही न सांगता दुसऱ्या दिवशी दुचाकी काढून मुरबाड गाठले. घर खरोखरच होते, आंबाही होता, तरणतलाव मात्र नव्हता. राखणदाराने सांगितले की, मालक ते भाड्याने देतच नाहीत आणि माझ्याआधी दोन कुटुंबे सामानासकट दाराशी येऊन परत गेली होती.

तक्रार अखेर तिसऱ्या दिवशी झाली. सायबर पोलिसांनी पहिला प्रश्न विचारला तो पैसे कोणत्या वेळी गेले हा, कारण अशी रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात तासाभरातही सरकते आणि ती सरकण्याआधी कळवले तरच बँक ती रोखू शकते. बेचाळीस हजारांपैकी साडेसहा हजार एका खात्यात गोठवता आले, पण तेही न्यायालयाच्या आदेशानंतरच मिळतील असे सांगण्यात आले. व्यवहार क्रमांक, क्यूआर कोडचे छायाचित्र आणि सगळे संदेश मी पुसले नव्हते, एवढे बरे झाले.

केळवण आमच्या नौपाड्यातल्या सोसायटीच्या गच्चीवर झाले. परवा ती जाहिरात पुन्हा दिसली. मोबाइल क्रमांक नवा आहे, छायाचित्रात आंब्याचे झाड तेच आहे, आणि पत्ता आता शहापूरचा दिला आहे.