बायनॉक्युलर की सहा इंची डॉब्सोनियन?

१० बाय ५०ची, म्हणजे दहापट वर्धन आणि ५० मिलिमीटरची भिंगं असलेली बायनॉक्युलर गळ्यात अडकवली की गच्चीवर लगेच निरीक्षण सुरू. एका नजरेत साधारण साडेसहा अंश आकाश मावतं, त्यामुळे कृत्तिकांचा अख्खा पुंजका तिच्यातच जास्त देखणा दिसतो. कठड्यावर कोपर टेकवून हात स्थिर ठेवला तर गुरूचे चार मोठे चंद्रही दिसतात. शनीची कडी मात्र विसरा. तिथे दहापट वर्धन कमीच पडतं.

डॉब्सोनियन म्हणजे साध्या फिरत्या बैठकीवर बसवलेली आरशाची दुर्बीण. सहा इंचीचा आरसा १५० मिलिमीटरचा, म्हणजे ५० मिलिमीटरच्या एका भिंगाच्या नऊपट प्रकाश गोळा करणारा. आरशाचं नाभीय अंतर (आरशापासून प्रतिमा जुळते तिथपर्यंतचं) १२०० मिलिमीटर असेल तर २५ मिलिमीटरच्या नेत्रिकेने, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाने, ४८ पट वर्धन मिळतं आणि शनीची कडी ओळखू येतात. चंद्राची विवरं पाहायला बसलात तर रात्र पुरत नाही. पण नळी बोजड. आरसा बाहेरच्या हवेइतका गार व्हायला वेळ द्यावा लागतो, आरशांची जुळणी अधूनमधून तपासावी लागते. शिवाय लिफ्ट नसेल तर ती गच्चीवर नेणार कोण?

पुण्या-मुंबईच्या उजेडात देवयानी दीर्घिका दोन्हींतून फिकट धुरकट डागच. पावसाळ्यात बायनॉक्युलरच्या भिंगांना बुरशीची भीती अधिक. डब्यात सिलिका जेल हवंच.

ग्रहांचं वेड असेल तर डॉब्सोनियन. नक्षत्रंही अजून ओळखता न येणाऱ्याला मी आधी बायनॉक्युलरच घ्यायला सांगेन.