गंगापूर ते नांदूरमध्यमेश्वर: द्राक्षबागांतून दोन दिवसांची ग्रॅव्हल सहल

डिसेंबरच्या मध्यात नाशिकजवळ केलेल्या दोन दिवसांच्या ग्रॅव्हल सायकल (खडी-मुरुमाच्या कच्च्या वाटांसाठीची, रुंद टायरची सायकल) सहलीचे हे परीक्षण आहे. आम्ही नऊ जण होतो, त्यांपैकी तिघी स्त्रिया. माणशी ६,८०० रुपये शुल्कात भाड्याची ग्रॅव्हल सायकल, एक मुक्काम, सर्व जेवणे, वाट दाखवणारा एक सायकलस्वार आणि मागून येणारी पिकअप गाडी एवढे सगळे होते. आयोजकाचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण पुढे मी ज्या उणिवा सांगणार आहे त्या एकाच मोसमातील एका फेरीच्या अनुभवावर आधारलेल्या आहेत. आखलेली वाट मात्र मी आजवर महाराष्ट्रात चालवलेल्या सर्व कच्च्या वाटांत सर्वांत चांगली होती, हे आधीच सांगून टाकते.

चांगली का, ते थोडे सविस्तर सांगायला हवे. ग्रॅव्हल सायकलिंग आणि द्राक्षमळे यांचे नाते युरोपात जुने आहे. इटलीतील कियांती भागात पांढरे कच्चे रस्ते डांबराखाली जाऊ नयेत म्हणून १९९७ साली ‘लेरोइका’ ही जुन्या सायकलींची फेरी सुरू झाली आणि २०२३ ची जागतिक ग्रॅव्हल स्पर्धा प्रोसेको वाइनच्या टेकड्यांमधून गेली. नाशिकच्या कच्च्या वाटांमागचे कारण मात्र वेगळे आहे, आणि ते कारण पाणी हे आहे. गंगापूर, वाघाड, करंजवण, पालखेड अशी धरणे आणि त्यांचे कालवे झाले, तशी कालव्याच्या कडेने देखभालीसाठी मुरुमाची वाट आली, चाऱ्या-पोटचाऱ्यांच्या (कालव्यातून शेतात पाणी नेणाऱ्या लहान पाटांच्या) बाजूने बैलगाडीची आणि पुढे ट्रॅक्टरची वाट पडली, आणि त्याच पाण्यावर द्राक्षबागा उभ्या राहिल्या. आयोजकाने हे नेमके ओळखले आहे. त्याने प्रेक्षणीय स्थळे जोडून रस्ता बनवलेला नाही, तर गोदावरीच्या वरच्या धरणापासून निघून, कोळवण आणि कादवा यांच्या खोऱ्यांतून फिरून, कादवा जिथे गोदावरीला मिळते त्या नांदूरमध्यमेश्वरापर्यंत पाण्यामागोमाग नेले आहे. दुसऱ्या दिवशी संगमाजवळच्या बंधाऱ्यावर उभे राहिल्यावर, आदल्या सकाळी जिथून निघालो त्या गंगापूरच्या भिंतीखालून निघालेली नदी हीच, हे लक्षात आले आणि दोन दिवसांचा सगळा प्रवास डोळ्यांपुढे सलग उभा राहिला.

पहिला दिवस ५४ किलोमीटरचा होता. धरणाच्या पाणलोटाकडील बाजूने गिरणारे, तिथून मुंगसरे आणि मातोरी, मग पेठचा रस्ता ओलांडून, मुघलांना वर्षानुवर्षे दाद न देणारा रामशेज किल्ला उजव्या हाताला ठेवून दिंडोरी तालुक्यात प्रवेश. चढ फार नाहीत, पण मुरूम कुठे घट्ट तर कुठे सैल असल्यामुळे हात आणि खांदे सतत जागे ठेवावे लागतात. वाटेत मातोरीच्या पुढे एका बागेत काम सुरू होते आणि मालकाच्या परवानगीने आम्ही थांबलो. ऑक्टोबर छाटणीला दोन महिने होऊन गेले होते. पेठ-सुरगाण्याकडून मजुरीला आलेल्या बाया एका हातात प्लास्टिकचा मग धरून, वेल चढवलेल्या वाय आकाराच्या अँगलखाली लोंबणारा एकेक घड जीए (जिबरेलिक आम्ल) या मणी फुगवणाऱ्या संजीवकाच्या द्रावणात बुडवत, हलकेच झटकत आणि पुढच्या घडाकडे सरकत होत्या. मणी तेव्हा जेमतेम ज्वारीच्या दाण्याएवढे होते. मी मनाशी मोजले, एका वेलाला मिनिटभर सुद्धा लागत नव्हते आणि एकही घड सुटत नव्हता. फेब्रुवारीत बाजारात आपण जो टपोरा, सारख्या मण्यांचा घड हातात घेतो, तो आधी असा कुणाच्या तरी हातातील मगातून गेलेला असतो, हे इतक्या जवळून पाहिल्याखेरीज मनात उतरत नाही. वाट दाखवणाऱ्या तरुणाने इथे आणखी एक चांगली गोष्ट केली. पुढच्या बागेत ब्लोअरने फवारणी सुरू असल्याचे दिसताच त्याने सगळ्यांना वाऱ्याच्या वरच्या बाजूला थांबवले आणि ट्रॅक्टर बांधापलीकडे गेल्यावरच सोडले. द्राक्षाच्या मुलखात सायकल चालवणाऱ्या प्रत्येकाने हा नियम पाळायलाच हवा.

आता सायकलींविषयी, कारण माझी मुख्य तक्रार त्यांच्याबद्दल आहे. सायकली नव्या होत्या, डिस्क ब्रेक उत्तम होते, आणि पुढे एक दातेरी चाक व मागे अकरा गिअर ही रचना या भूभागाला पुरेशी आहे. टायर ४० मिलिमीटर रुंदीचे होते, जे योग्यच आहे. परंतु ते ट्यूबलेस नव्हते, आत साधी ट्यूब होती, आणि सकाळी सर्व सायकलींमध्ये, स्वार पन्नास किलोचा असो वा नव्वद किलोचा, सरसकट ६० पीएसआय (हवेच्या दाबाचे माप) हवा भरलेली होती. इतक्या कडक टायरवर खडी अक्षरशः हाडांत उतरते, चाक दगडावरून जाण्याऐवजी उडते आणि वळणावर पकड सुटते. पहिल्या दहा किलोमीटरमध्येच माझ्या तळहातांना मुंग्या आल्या. मी ५६ किलोची आहे. थांबून, माझ्याजवळच्या मापकाने हवा ३८ पर्यंत उतरवली आणि तीच सायकल एकदम वेगळी वाटू लागली, जणू वाट कुणी नांगरून पुन्हा दाबून दिली होती. ट्यूब आत असताना याहून खाली गेले तर दगडावर रिम आपटून ट्यूब चिमटीत सापडण्याची भीती असते, म्हणून ३८ वर थांबले. सीलंट (छिद्र बुजवणारा द्रव) घातलेले ट्यूबलेस टायर असते तर ३० पर्यंतही जाता आले असते, शिवाय बाभळीचे काटे आपोआप बुजले असते. त्या दोन दिवसांत आम्हा नऊ जणांची मिळून सात पंक्चर झाली, त्यांतली पाच काट्यांची होती. पिकअपमध्ये सुट्या ट्यूब भरपूर होत्या आणि मदतनीस झटपट काम करत होता, तरी प्रत्येक वेळी वीस मिनिटे जात होती आणि थंडीत घाम सुकून अंग गारठत होते. हा खर्चाचा प्रश्न नाही, तयारीचा आहे, आणि पुढच्या मोसमाआधी तो सोडवलाच पाहिजे.

दुसरी उणीव मापाची. माझी उंची पाच फूट दोन इंच आहे आणि ती नोंदणीच्या वेळी मी लिहून दिली होती. प्रत्यक्षात माझ्या वाट्याला मध्यम मापाची सायकल आली. सीट पूर्ण खाली आणि पुढे सरकवूनही हँडल लांबच राहिले, त्यामुळे दुसऱ्या दिवशी मान धरली. सोबतच्या दोघींचीही हीच तक्रार होती.

मुक्काम दिंडोरी तालुक्यातील एका बागायतदाराच्या मळ्यावर होता आणि त्याबद्दल केवळ कौतुकच करता येईल. स्त्रियांसाठी स्वतंत्र, स्वच्छ स्वच्छतागृह आणि गरम पाणी होते, आणि वाटेतही दर पंधरा-वीस किलोमीटरवर ओळखीच्या घरी थांबण्याची सोय आधी बोलून ठेवलेली होती. पुरुष आयोजकांना हे सहसा सुचत नाही, इथे ते सुचले होते. रात्री बाजरीची भाकरी, पिठले, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि घरचे बेदाणे घातलेला शिरा. जेवणानंतर यजमानांनी वाघाड धरणाची गोष्ट सांगितली. तिथे शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांनी पाण्याचा कारभार स्वतःच्या हाती घेतला, आवर्तन (कालव्याला पाणी सोडण्याची पाळी) कधी आणि किती हे आपसांत ठरवू लागले, आणि त्या भरवशावर लोक द्राक्षाकडे वळले. दिवसभर ज्या चाऱ्यांच्या कडेने आलो त्यांचा अर्थ तेव्हा कळला. पहाटे पारा इतका उतरला होता की बागेच्या कडेला शेकोट्या पेटवल्या होत्या. गारठ्याने कोवळ्या मण्यांना इजा होऊ नये म्हणून या पट्ट्यात हे दरवर्षी करावे लागते.

दुसऱ्या दिवशीचे ६१ किलोमीटर कादवेच्या खोऱ्यातून, पालखेड आणि निफाडच्या बाजूने जातात. भूभाग सपाट, पण जमीन काळी. कालव्याला पाणी सुटलेले असल्यामुळे एका ठिकाणी पाझराने वाट भिजली होती आणि तिथली माती टायर व फ्रेमच्या मधे अशी भरली की चाक फिरेनासे झाले. अर्धा किलोमीटर सायकली उचलून न्याव्या लागल्या, नंतर काडीने माती खरवडावी लागली. आवर्तनाच्या तारखा गावात कुणालाही ठाऊक असतात. आदल्या संध्याकाळी एक फोन केला असता तर वाट बदलता आली असती. शिवाय या दिवसाचा सुमारे तिसरा हिस्सा डांबरी रस्त्यावरून जातो आणि त्यातल्या काही भागात मालवाहू ट्रॅक्टरांची वर्दळ असते. जाहिरातीत ‘संपूर्ण कच्ची वाट’ असे लिहिले आहे, ते दुरुस्त व्हायला हवे.

तरीही शेवट असा की तक्रार विसरावी. चापडगावच्या बाजूने आत शिरल्यावर नांदूरमध्यमेश्वरचे पाणी दिसले. रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आल्याचे २०२० साली जाहीर झालेले हे महाराष्ट्रातील पहिले पाणथळ क्षेत्र. वारकरी पक्ष्यांचे काळे थवे, चमचा पक्ष्यांची पांढरी रांग आणि उथळ पाण्यात जांभळ्या पाणकोंबड्या. आम्ही सायकली बाहेर ठेवून तासभर मनोऱ्यावर बसलो आणि कुणालाही परतीची घाई नव्हती.

वाइनविषयी अनेक जण विचारतात म्हणून लिहिते. चव घेण्याचा कार्यक्रम ऐच्छिक आहे आणि तो सायकली जमा केल्यानंतर, नाशिकला परतताना गाडीतून नेऊन केला जातो. हा क्रम अगदी बरोबर आहे.

या किमतीत, विशेषतः मुक्काम आणि वाटेची आखणी पाहता, मला पैसे वाया गेल्यासारखे वाटले नाही. स्वतःची ट्यूबलेस ग्रॅव्हल सायकल असेल तर ती घेऊनच जावे. सायकल भाड्याची हवी असेल तर माप लेखी कळवून, निघण्याच्या आदल्या दिवशी फोनवर पुन्हा खात्री करून घ्यावी, आणि खिशात हवेचा मापक ठेवावा. आयोजकाला हे सर्व मी सविस्तर लिहून कळवले आहे, आणि फेब्रुवारीत, बागा काढणीला आलेल्या असताना, याच वाटेसाठी माझे नाव पुन्हा नोंदवले आहे, या वेळी माझ्या सायकलीसह.