पुण्याचा पगार बंगळूरुच्या भाषेत सांगणारे एक संकेतस्थळ

पुण्यातील नोकरी सोडून बंगळूरुला जावे की नाही, या विचारात असताना दोन शहरांतील पगार आणि राहण्याचा खर्च यांची तुलना करून देणारे एक संकेतस्थळ मी महिनाभर वापरले. सेवा मोफत आहे. सध्याचा पगार व दोन शहरे भरली की दुसरीकडे तसेच राहण्यासाठी किती पगार हवा, तो आकडा लगेच समोर येतो. किराणा, हॉटेलातले जेवण, वीजबिल यांचे अंदाज विश्वासार्ह वाटले. कर्नाटकातल्या ‘नंदिनी’ ब्रँडचे दूध आपल्याकडच्यापेक्षा स्वस्त पडते, हेही तेथे दिसले.

मुख्य आक्षेप हिशेबाच्या पद्धतीवर आहे. खर्चातील फरकाची टक्केवारी हे संकेतस्थळ सरसकट पूर्ण पगाराला लावते. हातात १ लाख रुपये येत असतील, त्यांपैकी ६० हजार खर्च होत असतील आणि नवे शहर २० टक्क्यांनी महाग असेल, तर जास्तीची गरज १२ हजारांची असते, २० हजारांची नव्हे. कारण एसआयपी (म्युच्युअल फंडातली दरमहाची गुंतवणूक) किंवा पुण्यातल्या फ्लॅटचा हप्ता शहर बदलल्याने वाढत नाही. भरायचा पगार सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा एकूण वार्षिक खर्च) की हातात येणारा, हेही विचारलेले नाही.

घरभाड्याचे ‘शहराच्या मध्यभागी’ आणि ‘मध्यभागाबाहेर’ असे दोनच प्रकार आहेत. पुण्याचा मध्यभाग म्हणजे पेठा, आणि हिंजवडीत काम करणारा माणूस घर पाहतो ते वाकडला किंवा बाणेरला. बंगळूरुतही व्हाइटफील्ड आणि बेलंदूर हे भाग त्याच सरासरीत विरघळून जातात.

एकरकमी खर्चांना तर येथे रकानाच नाही. पुण्यात मी दोन महिन्यांचे भाडे डिपॉझिट म्हणून दिले होते. बंगळूरुच्या घरमालकाने सहा महिन्यांचे मागितले. ३५ हजार भाडे धरले, तर १ लाख ४० हजार रुपये जास्तीचे अडकतात. शिवाय एमएच-१२ क्रमांकाची गाडी १२ महिन्यांहून अधिक काळ कर्नाटकात ठेवायची, तर पुण्याच्या आरटीओची एनओसी (ना हरकत प्रमाणपत्र), नवी नोंदणी आणि तेथील रोड टॅक्स आलाच. इथल्या कराचा परतावा मागता येतो, पण तिथला कर आधी खिशातून भरावा लागतो.

पाचपैकी तीन तारे, तेही किराण्याच्या भरवशावर. एचआरशी बोलताना संकेतस्थळाचा आकडा मी बाजूला ठेवला आणि स्थलांतर भत्ता वेगळा मागितला.