बालसंगोपन योजना, वर्षभराचा अनुभव: पाचपैकी अडीच स्टार

दादा गेला तेव्हा थोरली दुसरीत होती आणि धाकटा चार वर्षांचा, अंगणवाडीत. वहिनी ब्लाऊज शिवते, पिको-फॉल करते, तेवढंच काय ते उत्पन्न. म्हणून मुलांच्या सांभाळासाठी दरमहा पैसे देणाऱ्या राज्य सरकारच्या या योजनेत अर्ज केला. आधी चांगलं सांगते, पैसे खरंच मिळतात. एका मुलामागे महिन्याला २२५०, २०२३ च्या आधी ११०० होते. म्हणजे दोन पोरांचे ४५००, रिक्षा, वह्या, दूध सुटतं त्यात. आणि ही फक्त अनाथ मुलांसाठी आहे असं बऱ्याच जणांना वाटतं, तसं नाहीये, एकटी आई सांभाळत असली तरी बसतं.

आता सर्व्हिस. कागदांमध्ये मुलांसोबत घरासमोर उभं राहून काढलेला फोटो लागतो. आमची खोली चाळीत, बोळ एवढासा, मी मागे सरकत सरकत समोरच्यांच्या भिंतीला टेकले तरी फ्रेममध्ये तिघं आणि अर्धं दार. फोटो परत आला, "ताई, यात घर कुठे दिसतंय?" शेवटी समोरच्या काकूंच्या माळ्यावरच्या खिडकीतून काढला, घर आलं पण धाकट्याने डोळे मिटले. चालला बाबा एकदाचा.

पण माझी खरी तक्रार वेगळीच आहे. दादा गेल्यावर पंधरा दिवसांत अंगणवाडीची ताई दारात आली होती, धाकट्याचं वजन-उंची मोबाईलमध्ये भरायला. तिला आमच्या घरातलं सगळं माहीत, योजनेचंही तिनेच सांगितलं, पण फॉर्म ती घेऊ शकत नाही. का, तर अंगणवाड्यांचं आयुक्तालय नवी मुंबईत आणि बालसंगोपनाचं पुण्यात, खातं मात्र एकच, महिला व बालविकास! अहो १९७५ पासून ही अंगणवाडी योजना चालू आहे, कुठल्या घरात काय झालं हे सगळ्यात आधी तिथे कळतं, तर पहिला अर्ज तिथेच घ्या की. त्याऐवजी वहिनी तहसीलला उत्पन्नाच्या दाखल्यासाठी, शाळेत बोनाफाईडसाठी, बँकेत, मग जिल्ह्याच्या ऑफिसला तीनदा, एसटीला बायकांना हाफ तिकीट आहे म्हणून बरं, पण दर खेपेला दिवसाची शिलाई बुडाली ती बुडालीच.

अर्ज मंजूर करणाऱ्या बालकल्याण समितीपुढे मुलांना न्यायचं म्हणून धाकधूक होती, पण तिथल्या मॅडम खूप चांगल्या निघाल्या, वडिलांचा विषयच काढला नाही, थोरलीला कागद-पेन दिलं आणि वहिनीशी हळू आवाजात बोलल्या. अर्धा स्टार त्यांचा.

मंजुरी सातव्या महिन्यात आली, मग चार महिने खात्यात काहीच नाही आणि मग एकदम जमा. तोवर रिक्षावाल्याचे पैसे वहिनीने बचत गटातून उचलले होते, त्याचं व्याज कोण देणार?

आणखी एक, केंद्राची मिशन वात्सल्य वेगळी आहे, त्यात मुलामागे महिना ४०००, निकष वेगळे. आम्हाला कोणी आपणहून सांगितलं नाही, तुम्ही जाल तेव्हा दोन्हीचं विचारा आणि सगळ्या कागदांच्या तीन-तीन झेरॉक्स काढून ठेवा.

आता रिन्यूअल आलंय, परत फोटो मागितलाय. काकूंना सांगून ठेवलंय, रविवारी खिडकी लागेल म्हणून.