फेऱ्या वाढवायच्या की भाडं कमी करायचं?

भुसावळ-जळगाव-चाळीसगाव आणि चाळीसगाव-धुळे या मार्गांवर रेल्वेने रोज ये-जा करणाऱ्यांसाठी आधी काय हवं?

भाड्याचं आधी. कोरोनाकाळात पॅसेंजरचं किमान भाडं १० वरून ३० रुपये झालं, ते २०२४ मध्ये पुन्हा १० वर आलं. मासिक पास तर त्याहून परवडतो. एसटीत महिलांना २०२३ पासून निम्मं तिकीट आहे, तरी लांबच्या अंतराला रेल्वेच स्वस्त पडते. म्हणजे इथे मागण्यासारखं फार उरत नाही.

फेऱ्यांचं दुखणं मोठं आहे. एक गाडी चुकली की पुढची तासन्‌तास नाही. मग पास खिशात ठेवून एसटीचं तिकीट काढायचं. ती स्वस्ताई काय कामाची? मेमूला, म्हणजे कमी अंतराच्या विजेवरच्या पॅसेंजर गाडीला, दोन्ही टोकांना चालककक्ष असतो, इंजिन फिरवायला वेळ जात नाही, त्यामुळे धुळे-चाळीसगावसारख्या छोट्या पल्ल्यावर तीच गाडी दिवसभरात जास्त वेळा धावू शकते. अडचण खरी आहे: धुळ्याच्या मार्गावर येण्या-जाण्याला एकच लोहमार्ग, आणि भुसावळ-जळगाव पट्ट्यात मालगाड्या-एक्स्प्रेसची दाटी. तरीही माझं मत ठाम आहे, आधी फेऱ्या वाढवा. निदान कॉलेज आणि कचेऱ्यांच्या वेळेला तरी.