मिरजेतील अन्नसेवा : एक अभिप्राय
डॉ. विल्यम वान्लेस यांनी १८९४ मध्ये जिथे मिशन रुग्णालय सुरू केले, त्या मिरजेत एका चर्चतर्फे रुग्णांच्या नातेवाइकांसाठी चालणाऱ्या अन्नसेवेचा लाभ मी आईच्या शस्त्रक्रियेच्या वेळी आठवडाभर घेतला. भाकरी मऊ, आमटी मात्र रोजच पातळ. शिवाय रात्री आठनंतर येणाऱ्यांना उपाशी परतावे लागते, ही खरी उणीव आहे. जात वा धर्म कोणीही विचारला नाही. बायबलमधील लूकच्या शुभवर्तमानातल्या दृष्टांतात, यहुदी ज्यांना परके मानत त्या शोमरोनी समाजातील एका माणसाने जखमी परक्यासाठी उतारशाळेत दोन दीनार ठेवले आणि अधिक खर्च झाल्यास परतताना देण्याचे कबूल केले. येथे वाढणाऱ्या मावशींनी न मागता दुसरी भाकरी वाढली आणि आईसाठी मऊ भाताचा वेगळा डबा भरून हातात दिला.